उत्तरवयातले प्रस्थान

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने घर केव्हा सोडावे याच्या खुणा सांगितल्या आहेत. अंगावर सुरकुत्या दिसू लागाव्यात, केस पिकावेत आणि अपत्याला अपत्य झालेले डोळ्यांनी पाहावे. मग त्याने अरण्याचा आश्रय घ्यावा. पहिल्या दोन खुणा देहाच्या आहेत आणि त्यांत आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. तिसरी खूण मात्र आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकणारी आहे. नातवंडाचा जन्म ही घर सोडण्याची वेळ कशी ठरावी? आजच्या कुटुंबात तर म्हाताऱ्या माणसांना घराशी बांधून ठेवणारे सर्वांत सबळ कारण म्हणजे नातवंड. स्मृतिकाराचा हिशेब वेगळा होता. मुलगा बाप झाला म्हणजे घराचा भार उचलणारा माणूस तयार झाला; आता आधीच्याने जागा मोकळी करावी. त्याच ठिकाणी पत्नीचीही व्यवस्था एका ओळीत लावून दिलेली आहे. तिला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर घेऊन जावे. तिला स्वतःला काय वाटते ते विचारावे, अशी सूचना तेथे नाही.

वानप्रस्थाची ही कल्पना आपल्याकडे पुष्कळ काळ पोथीतच राहिली. प्रत्यक्षात वनात गेलेली जोडपी किती, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. उलट ज्या समाजाने मनुस्मृतीचे नावही ऐकलेले नाही, त्यात तिच्याशी दुरून साम्य असलेली एक रीत आज चांगली रुजलेली दिसते. अमेरिकेतील युटा हे तिचे केंद्र. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेला आणि पुढे छळामुळे पश्चिमेकडे सरकत युटात स्थिरावलेला एक ख्रिस्ती पंथ लोकांत मॉर्मन या नावाने ओळखला जातो. या पंथातील तरुण मुले वयाच्या अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी धर्मप्रसाराला जातात, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर काळी पट्टी, दोघादोघांच्या जोडीने पायी किंवा सायकलवर फिरणारी ही मुले जगातील अनेक शहरांत लोकांनी पाहिली आहेत. त्याच पंथात सेवानिवृत्त पतिपत्नीही पूर्णवेळ सेवेसाठी बाहेर पडतात, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही, आणि नैतिक विचाराच्या दृष्टीने तीच अधिक विचारणीय आहे. अठरा वर्षांच्या मुलाकडे सोडण्यासारखे असते तरी काय? त्याचे सगळे आयुष्य पुढे उभे असते. दोन वर्षे दिली तरी ती परत मिळविण्याला अवकाश राहतो. पासष्टीच्या माणसाचा हिशेब निराळा.

या जोडप्यांची तयारी कशी चालते ते पाहण्याजोगे आहे. घरात वाढती मुले असता कामा नयेत, ही पहिली अट. दोघांच्याही प्रकृतीची आणि दातांचीसुद्धा तपासणी होते, कारण जेथे जावयाचे तेथे दंतवैद्य मिळेलच असे नाही. स्थानिक धर्माधिकारी दोघांच्या मुलाखती घेतात. मग पंथाच्या मुख्यालयाकडून नेमणुकीचे पत्र येते. पूर्वी हे पत्र टपालाने जाड लिफाफ्यात येई आणि सगळे कुटुंब जमवून ते फोडण्याची पद्धत होती. २०१८ पासून ते संगणकावर येऊ लागले. तरुणांना आपले ठिकाण निवडता येत नाही. ज्येष्ठांना निदान पसंती कळविता येते. मुदतही सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत स्वतः ठरविता येते. खर्च ज्याचा त्याने करावयाचा. आयुष्यभराच्या बचतीतून परदेशातले घरभाडे भरणे साऱ्यांना परवडत नाही, हे ध्यानात आल्यावर २०११ मध्ये निवासखर्चाला दरमहा १,४०० डॉलरांची कमाल मर्यादा घालण्यात आली. प्रोव्हो या गावी प्रशिक्षणाचे मोठे केंद्र आहे. तेथे ज्येष्ठांचे शिक्षण आठवडाभरात किंवा त्याच्या आसपास आटोपते. जे एवढ्या थोड्या दिवसांत शिकविता येण्यासारखे आहे ते या माणसांना बहुधा आधीच येत असते, असे यामागे गृहीत असावे.

या औपचारिक तयारीखाली दुसरी एक तयारी चालू असते, आणि तिचा कोठलाही छापील नमुना नाही. घर भाड्याने द्यावे की धाकट्या मुलीला राहावयास सांगावे? बागेला पाणी कोण घालील? नव्वदीची आई शुश्रूषागृहात असेल तर तिला काय सांगावयाचे, आणि सांगितलेले तिच्या ध्यानात राहणार नसेल तर ते सांगणे कोणासाठी? चार महिन्यांनी होणारे नातवंड आजीला प्रथम पडद्यावर पाहील. तपासणीच्या वेळी रक्तदाब थोडा वाढलेला निघावा, म्हणजे प्रश्न परस्पर सुटेल, असे दोघांपैकी एकाला मनातल्या मनात वाटलेले असण्याचीही शक्यता आहे. धर्मकार्याच्या इतिहासात अशा इच्छांची नोंद होत नाही; परंतु कोणत्याही प्रामाणिक निर्णयाच्या तळाशी अशी एखादी इच्छा दडलेली सापडतेच.

तरुण धर्मप्रचारकालाही या पंथात ‘एल्डर’ म्हणजे ज्येष्ठ म्हणतात. मिसरूड न फुटलेला मुलगा आणि त्याच्या आजोबांच्या वयाचा माणूस एकाच उपाधीने ओळखले जातात, यात थोडी गंमत आहे.

जुन्या काळातील मिशनरी जोडप्यांशी तुलना केली म्हणजे या रीतीतील नवेपणा स्पष्ट होतो. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम बंदरातून दोन नवविवाहित जोडपी हिंदुस्थानाकडे निघाली. त्यांतील हॅरिएट न्यूएल ही अवघी अठरा वर्षांची होती. कलकत्त्यात कंपनी सरकारने राहू दिले नाही, म्हणून ती नवऱ्याबरोबर मॉरिशसला गेली आणि त्याच वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तेथे वारली. तिचा पती सॅम्युएल पुढे मुंबईस आला आणि १८२१ मध्ये पटकीने गेला. त्याचा सहकारी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला होता. मराठी प्रदेशातील अमेरिकन मिशनच्या कामाची सुरुवात त्याच वर्षापासून धरली जाते. तोही १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला हिंडत असता पटकीनेच मेला. ही माणसे तरुणपणी निघत आणि परतीचा विचार न करता निघत. न्यूएलांबरोबर जहाजावर असलेल्या अ‍ॅडोनायरम जडसनने लग्नापूर्वी मुलीच्या बापाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. तुमची मुलगी या जगात तुम्हांला पुन्हा दिसणार नाही, समुद्राचे संकट, हिंदुस्थानची हवा, दारिद्र्य, अपमान आणि कदाचित अपघाती मृत्यूही तिच्या वाट्याला येईल. यास तुमची संमती आहे काय, असे त्याने रोखठोक विचारले होते. बापाने निर्णय मुलीवर सोपविला आणि ती गेली. १८२६ मध्ये ब्रह्मदेशात तिचा अंत झाला.

दोनशे वर्षांनी हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला जात आहे. तेव्हा बापाची संमती मागत. आता मुलांची मागावी लागते. आणि मुलांची संमती मिळविणे काही वेळा बापाच्या संमतीहून कठीण असते. मुलीने दूर जाणे ही सासरच्या रीतीमुळे समाजाने मान्य केलेली गोष्ट होती. आईबापांनी दूर जाणे, तेही प्रकृती ठीक असताना आणि नातवंडांना त्यांची गरज असताना, हे मुलांना टाकून दिल्यासारखे वाटू शकते. पुण्या-मुंबईतील कितीतरी मध्यमवर्गीय आजीआजोबा मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत जाऊन राहतात, कडाक्याच्या थंडीत अनोळखी स्वयंपाकघर सांभाळतात आणि मुदत संपली की परततात. त्यांनी कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. तेवढ्याच दिवसांसाठी एखाद्या अनोळखी देशात अनोळखी लोकांचे काम करावयास निघालेल्या जोडप्याला मात्र शंभर प्रश्न विचारले जातात. रक्ताच्या नात्याची सेवा स्वयंसिद्ध मानली जाते, इतर सेवेला कारण दाखवावे लागते. आणि ही रूढी इतकी खोल आहे की तिचे समर्थन कोणी मागत नाही.

तरीही ती रूढी निराधार आहे असे म्हणता येत नाही. मराठी माणसाच्या धर्मभावनेत या प्रश्नाचे एक उत्तर पंढरपूरच्या विटेवर उभे आहे. पुंडलिकाची कथा सर्वांना ठाऊक आहे. बायकोला सुखाने नेत आणि म्हाताऱ्या आईबापांना पायी चालवीत तो काशीला निघाला होता. वाटेत कुक्कुट ऋषीच्या आश्रमात त्याला कळले की ज्याने काशी पाहिलीही नाही, त्याच्याकडे नद्याच पवित्र होण्यासाठी येतात, कारण तो घरी मातापित्यांची सेवा करतो. पुंडलिक परतला. पुढे साक्षात देव दारी आला, तेव्हा हातचे काम टाकून न उठता त्याने वीट भिरकावली आणि देवाला थांबावयास सांगितले. यात्रेपेक्षा, साक्षात देवाच्या हाकेपेक्षाही, घरातले अपुरे काम मोठे आहे, असे सांगणारी ही कथा एका मोठ्या भक्तिसंप्रदायाच्या मुळाशी असावी ही साधी गोष्ट नव्हे. युटातील जोडप्याला नव्वदीच्या आईचा प्रश्न पडला असेल, तर पुंडलिक त्याला घरी बसावयास सांगेल, यात संशय नाही.

परंतु पुंडलिकाचे उत्तर सर्वस्वी पुरे पडत नाही. त्याची कथा मुलाच्या कर्तव्याची आहे. मातापित्यांचे कर्तव्य मुले कर्ती झाल्यावर कोठे संपते, हे ती सांगत नाही. कर्त्या मुलांच्या घरी राखणदार म्हणून राहणे हे उत्तरवयाचे एकमेव योग्य रूप आहे, असे मानण्याला आधार काय? स्मृतिकाराने नातवंडाला प्रस्थानाची खूण का ठरविले, हे येथे थोडे उमगू लागते. नातवंडाच्या निमित्ताने आयुष्याचा उरलेला भाग कोणालाही न दुखविता संपून जातो. त्यात दोष नाही, पण तो निर्णय असतोच असेही नाही. बरेचदा तो फक्त न घेतलेला निर्णय असतो.

निर्णय कोणाचा, हा भाग अधिक अवघड आहे. दोघांना एकच हाक एकाच वेळी ऐकू येते, असे धर्मग्रंथ सहसा सांगत नाहीत. बहुतेक वेळा ती एकालाच ऐकू येते आणि दुसरा त्याच्यावरील प्रेमामुळे किंवा सवयीमुळे निघतो. मराठी साहित्यात याचे सर्वांत मोकळे चित्र ज्या पुस्तकात आले आहे ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पत्नीला मागे ठेवून. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधली पाच वर्षे, तीतील ताटातूट, सोवळेओवळे, रडणे आणि विनोद हे सारे लक्ष्मीबाईंनी जसेच्या तसे सांगितले आहे. पती ज्या दिवशी बदलला त्या दिवशी आपणही बदललो, असा खोटा दावा त्यांनी कोठेही केलेला नाही. त्यांना स्वतःच्या पावलांनी तेथवर पोचावयाचे होते, आणि त्याला पाच वर्षे लागली.

पुढे १९१७ मध्ये, पंचावन्नी गाठलेल्या टिळकांनी मिशनच्या पगारी कामाचे बंधन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्यास घेतले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र येऊन बंधुभावाने राहावे, असा त्यामागील संकल्प होता. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. टिळक संन्याशाच्या वृत्तीने पैशाविषयी निश्चिंत झाले; परंतु पैसा संपल्याचे ज्याला सर्वांत आधी कळते ते स्वयंपाकघर लक्ष्मीबाईंच्या ताब्यात होते. संन्यास एकाने घ्यावा आणि त्याचा हिशेब दुसऱ्याने ठेवावा, ही आपल्याकडच्या संतचरित्रांतून फार जुन्या काळापासून चालत आलेली वाटणी आहे. तुकोबांच्या आवलीची कटकट सांगणाऱ्या कीर्तनकारांना श्रोते हसून दाद देतात. घरात मुले उपाशी होती, या तिच्या साध्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले. दरबाराचा संकल्प त्यांच्यामागे फार टिकला नाही. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मागून आलेल्या माणसाने पुढे गेलेल्याचे काम पुरे करावे, हेही या दांपत्याच्या सेवेचेच एक रूप म्हणावे लागेल.

या पार्श्वभूमीवर युटातील रीतीत एक गोष्ट निश्चित चांगली आहे. तेथे मुलाखतीत पत्नीलाही विचारले जाते. ते विचारणे कधी उपचारापुरते असेल, संकोचामुळे खरे उत्तर दिले जात नसेल. तरीही विचारण्याची जागा निर्माण झालेली आहे, आणि मनुस्मृतीत ती नव्हती. आणखी एक बदल घडतो, त्याची दखल घ्यावयास हवी. तरुण प्रचारकाला एक सहचर नेमून देतात आणि त्याच्यापासून दूर जाण्यास मनाई असते. जोडप्याला सहचर नेमावा लागत नाही. परंतु चाळीस वर्षे संसार केलेली ही दोन माणसे दिवसाचे आठ-दहा तास एकमेकांपासून दूर राहिलेली असतात, एक कचेरीत आणि दुसरे घरात किंवा दुसऱ्या कचेरीत. अनोळखी देशातल्या दोन खोल्यांत, भाषा न कळणाऱ्या शेजारात, ती प्रथमच पूर्णवेळ एकत्र येतात. वनात गेलेल्या जुन्या जोडप्यांचाही खरा अनुभव हाच असावा.

आता ही सेवा म्हणजे नेमके काय, हे पाहावयास हवे. कारण प्रस्थान कितीही निर्मळ असले तरी जेथे पोचावयाचे तेथे दुसरी माणसे असतात आणि त्यांचेही मत असते. मराठी वाचकाला ‘मिशनरी’ हा शब्द निर्विकार मनाने ऐकता येत नाही. त्या शब्दाबरोबर मुद्रणालये, मुलींच्या शाळा, कोश आणि दवाखाने आठवतात. त्याचबरोबर कुटुंबांत पडलेली फूट आणि स्वधर्मनिंदेचे वादही आठवतात. सेवेच्या आडून धर्मांतर साधण्याला महात्मा गांधींनी वारंवार घेतलेली हरकत आजही विचारात घ्यावी लागते. ज्येष्ठ जोडप्यांच्या बाबतीत ही हरकत थोडी सौम्य होते, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांना दारोदार उपदेश करावा लागत नाही. ती कार्यालयाचे हिशेब ठेवतात, पाणीपुरवठ्याच्या किंवा आरोग्याच्या योजनांवर देखरेख करतात, तरुण प्रचारकांच्या आजारपणात धीर देतात. कित्येक जण जुनी दप्तरे छायांकित करण्याच्या कामाला लागतात.

हे शेवटचे काम दिसायला सर्वांत निरुपद्रवी. जन्ममृत्यूच्या नोंदी, गावोगावची चर्चची पुस्तके, वंशावळी यांची छायाचित्रे घ्यावयाची आणि जपून ठेवावयाची. हरद्वारच्या पंड्यांच्या लांबलचक वह्या, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे यात्रेकरू आपले नावगाव लिहून गेले, त्यांच्याही सूक्ष्मपटावरील प्रती युटाच्या वंशावळी-संस्थेने करून घेतल्या आहेत. परंतु या पंथाच्या श्रद्धेप्रमाणे मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाला बाप्तिस्मा घेता येतो, आणि नोंदी जमविण्यामागे ही श्रद्धाही आहे. पंथीयांचे म्हणणे असे, की यात मृताच्या गळ्यात काही बांधले जात नाही. त्याला परलोकात स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक राहते. पण नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावेही या विधीत आलेली आढळली तेव्हा तीव्र निषेध झाला, आणि १९९५ मध्ये अशी नावे वगळण्याचा करार करावा लागला. ज्यांना धर्मासाठी मारले गेले त्यांचा धर्म मेल्यावर कोणी पुसून टाकू पाहावा, असे त्यांच्या वारसांना वाटले. एखाद्या गावातील दप्तरखान्यात दिवसभर पाने उलटीत बसलेल्या सत्तरीच्या बाईच्या मनात या वादाचा लवलेशही नसेल. ती जुना कागद नष्ट होण्यापासून वाचवीत आहे, आणि ते खरेच आहे. सद्हेतू आणि सत्परिणाम यांच्यामध्ये किती मोठी संस्था उभी असू शकते, याचे हे उदाहरण. चाळिशीतला माणूस आपण कोणाच्या यंत्रात कोठला खिळा आहोत हे विचारण्याचे टाळू शकतो, पोट चालवावयाचे असते. निवृत्त माणसाला ती सबब उरलेली नसते. पगार नाही, बढती नाही, खर्च स्वतःचा. अशा वेळी आपल्या श्रमाचे पुढे काय होते हे विचारण्याचे स्वातंत्र्य आणि जबाबदारी दोन्ही त्याच्याकडे आलेली असतात. प्रोव्होच्या थोड्या दिवसांच्या शिक्षणात यासाठी किती वेळ ठेवला जातो, हा प्रश्न पंथाबाहेरच्या माणसानेही विचारावा असा आहे.

हैदराबादचे एक दांपत्य सामोआ बेटांवर नोकरीनिमित्त राहत असता या पंथात आले आणि १९७८ मध्ये सेवेसाठी म्हणून आपल्याच गावी परतले. त्यांनी प्रथम गाठले ते आपले नातलग. दूर जाऊन परक्यांची सेवा करावी की घरी राहून आपल्यांची, हा सगळा वाद त्यांच्या बाबतीत एका प्रवासात मिटला असे वरवर वाटते. परंतु आपल्या माणसांना आपली नवी श्रद्धा सांगणे हे परक्यांना सांगण्याहून सोपे आहे, असे लक्ष्मीबाईंची पाच वर्षे वाचलेला कोणी म्हणणार नाही.

बृहदारण्यक उपनिषदात उत्तरवयातल्या प्रस्थानाची कथा येते, ती मनुस्मृतीपेक्षा पुष्कळ अधिक मानवी आहे. याज्ञवल्क्याला घर सोडावयाचे आहे. त्याला दोन पत्नी, मैत्रेयी आणि कात्यायनी. निघण्यापूर्वी दोघींत संपत्तीची वाटणी करून द्यावी, म्हणजे मागे तंटा राहणार नाही, एवढाच त्याचा विचार दिसतो. शहाण्या माणसाची ती तयारीच होती. मैत्रेयी मध्येच विचारते, की संपत्तीने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तरी तिने अमरत्व मिळेल काय? नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. मग जे तुम्हांला ठाऊक आहे तेच मला सांगा, असे ती म्हणते, आणि निघण्याच्या घाईतला तो ऋषी खाली बसून तिला आत्मज्ञान सांगू लागतो. हे आत्मज्ञान वर्षानुवर्षे त्याच घरात होते. ते पत्नीला सांगण्याचा प्रसंग मात्र घर सोडण्याच्या दिवशी आला.

कात्यायनीविषयी उपनिषद एवढेच सांगते, की तिला सर्वसामान्य स्त्रियांना असते तेवढीच समज होती. संवादात तिला एकही वाक्य नाही. वाटणीत तिच्या वाट्याला काय आले, हे सांगितलेले नाही. उपदेश संपवून याज्ञवल्क्य निघून गेला. मैत्रेयी त्याच्याबरोबर गेली की कात्यायनीजवळ राहिली, याचीही नोंद नाही.